लोअर आर्म घेताना बुश आणि बॉल जॉइंट बघा

पावसाळा सरला की नाशिकच्या गॅरेजांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते, “पुढून खटखट येतेय.” चार महिने गाडी कसारा घाटातून, पेठ रस्त्यावरच्या सावळघाटातून, नांदुरीहून सप्तशृंगगडावर चढणाऱ्या वळणांवरून आणि शहरात सिंहस्थाच्या कामांसाठी उकरलेल्या रस्त्यांवरून गेलेली असते. मेकॅनिक गाडीखाली जातो, टॉमी (लोखंडी पहार) लावून हलवून बघतो आणि बाहेर येऊन सांगतो, “दोन्ही लोअर आर्म गेले.” गाडी सात-आठ वर्षांची असते, वॉरंटी कधीच संपलेली असते. मग प्रश्न पडतो, कंपनीचा घ्यायचा की बाहेरचा? आणि बाहेरचा म्हणजे नेमका कुणाचा?

माझे मत आधीच सांगते. बाहेरचा आर्म घ्यायला काहीच हरकत नाही. पण आर्मच्या नावाखाली आपण पैसे मोजतो ते मुख्यतः त्यातल्या दोन रबरी बुशांचे आणि एका बॉल जॉइंटचे. लोखंड सहसा टिकते, झिजतात ते हे तीन भाग. ते कुणी बनवले आणि कशाचे बनवले हे दुकानदाराला सांगता येत नसेल, तर तो आर्म कितीही स्वस्त मिळत असला तरी गाडीला लावू नये. बॉल जॉइंट निसटला की चाक बाहेर कलंडते आणि गाडी चालवणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. घाटाच्या उतारावर असे झाले तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा हात. त्याच्या आतल्या बाजूला बुश असतात आणि त्यांतून जाणारे बोल्ट आर्मला सबफ्रेमशी धरून ठेवतात. बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट असतो, तो चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाला, धरतो. चाक खड्ड्यात गेले की आर्म वर-खाली झुलतो. ब्रेक मारल्यावर चाक मागे ढकलले जाते, त्याला तोच अडवतो. वळणावर आडवा ताण येतो, तोही त्याच्याच अंगावर. स्विफ्ट, वॅगनआर, बलेनो, आय-ट्वेंटी, क्रेटा, नेक्सॉन, एक्सयूव्ही ३०० या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे प्रत्येक बाजूला एकच खालचा आर्म. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ आणि २०२० नंतरची थार यांना डबल विशबोन आहे, म्हणजे वरचा एक आणि खालचा एक. हा फरक लक्षात ठेवा. तपासणीपासून खरेदीपर्यंत तो उपयोगी पडतो.

खरेच आर्म गेला आहे का?

खटखट आली म्हणजे आर्मच गेला, असे नाही. आवाजाच्या बाबतीत पहिला संशय लिंक रॉडवर घ्यावा. स्टॅबिलायझर बारला जोडणारी ही छोटी दांडी स्वस्त असते, लवकर झिजते आणि लहान लहान खड्ड्यांवर अगदी आर्मसारखाच आवाज करते. दोन्ही बाजूंच्या लिंक रॉड काढून, बार इतर कशाला लागणार नाही असा बांधून, गाडी हळू चालवून पाहिली की अर्धा प्रश्न सुटतो. शॉकअपचे वरचे माउंट, टाय रॉड एंड, रॅक एंड आणि सैल झालेले ब्रेक कॅलिपर हेही असाच आवाज करतात. “सगळेच बदलून टाकू” असे म्हणणाऱ्याला नम्रपणे थांबवा आणि आधी एकेक तपासायला सांगा.

बॉल जॉइंट तपासण्याची रीत सस्पेन्शनच्या प्रकारावर ठरते. मॅकफर्सन गाडीत वजन स्प्रिंगमधून स्ट्रटवर जाते, खालच्या बॉल जॉइंटवर गाडीचा भार नसतो. तिथे बॉडी जॅकवर उचलून चाक लोंबकळत ठेवावे आणि आर्म व नकल यांच्यामध्ये टॉमी घालून हलवून बघावे. ज्या डबल विशबोन गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असते, तिथे हीच रीत फसवते. चाक लोंबकळत असताना स्प्रिंग आर्मला खाली दाबून धरते, त्यामुळे जॉइंट घट्ट वाटतो आणि झीज लपते. तिथे जॅक आर्मखालीच, बॉल जॉइंटच्या जवळ लावून जॉइंटवरचा भार काढून घ्यावा लागतो. स्कॉर्पिओ किंवा इनोव्हा तपासताना तुमचा मेकॅनिक जॅक कुठे लावतो, एवढे पाहिले तरी त्याला काम येते की नाही ते कळेल.

चाक वरून आणि खालून धरून हलवल्यावर खेळ जाणवला, तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, तसाच राहिला तर बॉल जॉइंटचा असण्याची शक्यता जास्त. डावीकडे-उजवीकडे हलवल्यावर खेळ येत असेल तर टाय रॉड आणि रॅक एंडकडे बघा. जॉइंटवरची रबरी टोपी, म्हणजे बूट, फाटली असेल तर आज खेळ नसला तरी जॉइंटचे आयुष्य संपत आले असे समजा. इगतपुरीच्या पावसातले पाणी आणि आपल्याकडची बारीक काळी माती आत गेली की ग्रीस धुऊन निघते, आणि पॉलिश केलेल्या गोळ्यावर ओरखडे पडायला वेळ लागत नाही.

बुशची कहाणी वेगळी आहे. रबराच्या वरच्या थरावर बारीक भेगा दिसल्या म्हणून लगेच घाबरू नका, वयाने त्या येतातच. भेग खोल गेली असेल, रबर आतल्या किंवा बाहेरच्या धातूच्या नळीपासून सुटले असेल, किंवा आत द्रव भरलेल्या बुशमधून तेल ओघळले असेल, तर बदलायची वेळ आली. मागचा मोठा बुश गेला की ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते, रिव्हर्समधून पहिल्यात टाकून क्लच सोडताना ‘टक’ असा एकच आवाज येतो आणि टायरची आतली कड लवकर झिजते. सिन्नर रस्त्यावर मोहदरी घाटाच्या उतारावर ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरत असेल, तर डिस्क तपासताना हा बुशही तपासून घ्या.

बुश अकाली जाण्याचे एक कारण आपणच पोसतो. सर्व्हिसिंग झाल्यावर गंज येऊ नये म्हणून गाडीच्या खालून डिझेल किंवा जळके ऑइल मारण्याची पद्धत अजून कित्येक ठिकाणी चालू आहे. बुशमधले नैसर्गिक रबर खनिज तेलाने फुगते, मऊ पडते आणि धातूपासून सुटते. इंजिनमधून किंवा पॉवर स्टिअरिंगमधून गळणारे तेल आर्मवर पडत असेल तर तेही तेच करते. आधी गळती थांबवा, मग नवा आर्म घ्या. नाही तर नवा बुशही तेलात भिजून त्याच वाटेने जाईल. निफाड-दिंडोरीकडे बागेच्या रस्त्यांवर रोज गाडी नेणाऱ्यांनी आणखी एक जपावे. चिखल धुताना प्रेशरचा फवारा थेट बॉल जॉइंटच्या बुटावर रोखू नये, पाणी कडेतून आत घुसते.

आर्म वाकला असेल तर मात्र चर्चा संपली. दुभाजकाला धडक बसली, किंवा पावसाच्या पाण्यात न दिसलेल्या खड्ड्यात चाक आदळले, आणि त्यानंतर अलाइनमेंटच्या मशीनवर एका बाजूचा कॅम्बर किंवा कास्टर, म्हणजे चाकाच्या व स्टिअरिंगच्या अक्षाच्या कलाचा कोन, दुसऱ्या बाजूपेक्षा बराच वेगळा दिसला, तर आर्म, नकल किंवा स्ट्रट यांपैकी काही तरी वाकले आहे. गॅसने तापवून, घणाने ठोकून सरळ केलेला आर्म परत लावू देऊ नका. तापवलेल्या पोलादाची मूळची ताकद राहत नाही आणि ॲल्युमिनियमच्या आर्मला सरळ करताना दिसणार नाहीत अशा चिरा जातात. वेल्डिंग करून दुरुस्त केलेल्या आर्मबद्दलही माझे हेच म्हणणे आहे.

अख्खा आर्म की नुसता बुश?

आर्म सरळ असेल, गंजलेला नसेल आणि बॉल जॉइंट ठणठणीत असेल, तर फक्त बुश बदलणे हा चांगला आणि काटकसरीचा मार्ग आहे. कंपनीचा जुना आर्म आणि त्यात चांगल्या बनावटीचे नवे बुश ही जोडी पुष्कळदा अनोळखी बनावटीच्या कोऱ्या आर्मपेक्षा सरस ठरते. अट एकच, बुश हातोडीने ठोकून बसवायचा नाही. तो हायड्रॉलिक प्रेसवर, बाहेरच्या नळीच्या कडेवर दाब देऊन बसवायला हवा. सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींचे शहर असल्याने प्रेस असलेले वर्कशॉप शोधायला आपल्याला त्रास पडत नाही. बसवताना दिशाही महत्त्वाची असते. पुष्कळ बुशांच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, जेणेकरून तो एका दिशेने मऊ आणि दुसऱ्या दिशेने कडक राहील. जुना बुश काढण्यापूर्वी त्याच्या खुणेसमोर आर्मवर रंगाने खूण करून घ्या. उलटा बसलेला बुश गाडीला सरळ चालू देत नाही.

बॉल जॉइंट वेगळा मिळतो की नाही हे गाडीवर अवलंबून आहे. काही आर्मवर तो बोल्टने किंवा रिव्हेटने बसवलेला असतो, काहींत दाबून बसवून सर्कलिप लावलेली असते, तर काहींत तो आर्मचाच भाग असतो आणि कंपनी तो सुटा विकत नाही. अशा आर्ममध्ये जॉइंट कापून, भरून किंवा ‘रिपेअर’ करून देणारे भेटतील. त्या वाटेला जाऊ नका. बुश आणि जॉइंट दोन्ही गेले असतील तर मजुरी धरून हिशेब केला की पूर्ण आर्मच परवडतो.

दोन्ही बाजू एकदम बदलाव्यात का, हे बरेच जण विचारतात. झिजेमुळे बदलत असाल तर हो. दोन्ही बाजूंच्या रबराचे वय सारखेच असते, आणि एकीकडे कडक नवे व दुसरीकडे मऊ जुने रबर असेल तर ब्रेकमध्ये गाडी ओढू शकते. अपघातात एकच आर्म वाकला असेल आणि दुसऱ्या बाजूचे बुश चांगले असतील तर एक पुरेल, पण तो त्याच बनावटीचा घ्यावा.

बाजारात काय मिळते

सगळ्यात वर कंपनीच्या पाकिटातला आर्म. मारुती, महिंद्रा, टाटा, टोयोटा यांची आपापली पाकिटे असतात, ह्युंदाई आणि किआचे सुटे भाग मोबिसच्या नावाने येतात. वॉरंटीतल्या गाडीला किंवा नव्याने बाजारात आलेल्या मॉडेलला हाच घ्यावा. बाहेरचा घ्यायचा पक्का विचार असला तरी आधी कंपनीच्या पार्ट्स काउंटरवर त्याची एमआरपी विचारून घ्या. कित्येक छोट्या गाड्यांच्या बाबतीत फरक ऐकीव गप्पांपेक्षा बराच कमी निघतो, आणि तसे असेल तर विचार करायचे कारणच राहत नाही.

त्याखालोखाल सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांचे स्वतःच्या नावाचे आर्म आणि जॉइंट. गाडीची कंपनी बहुतेक भाग स्वतः बनवत नाही, ते पुरवठादारांकडून येतात, आणि त्यांतले काही पुरवठादार तेच कौशल्य वापरून खुल्या बाजारासाठीही माल काढतात. चेन्नईची राणे मद्रास स्टिअरिंगचे आणि सस्पेन्शनचे जॉइंट बनवते. जर्मनीच्या झेडएफ समूहाकडे लेमफर्डर आहे आणि २०१५ पासून टीआरडब्ल्यूही. युरोपीय गाड्यांसाठी मायले आणि फेबी, जपानी गाड्यांसाठी ५५५, कोरियन गाड्यांसाठी सीटीआर ही नावे जाणकार मेकॅनिकच्या तोंडी असतात. यांतला प्रत्येक जण प्रत्येक गाडीचा आर्म बनवत नाही. म्हणून नावाच्या आधी पार्ट नंबर विचारायचा.

असे सुटे भाग खुल्या बाजारात मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न येऊ दिल्याबद्दल मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड सुनावला होता. बाहेरच्या गॅरेजात काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही त्या आदेशात होते. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण “बाहेर हात लावलात तर सगळीच वॉरंटी गेली” असे कुणी काउंटरवरून सांगितले तर ते लेखी मागण्याइतका आत्मविश्वास आपल्यात असायला हवा.

यानंतर येतो तो बिननावाचा माल, आणि इथे नाशिककरांना एका खास वाक्यापासून सावध करते. “कंपनीतलाच माल आहे, फक्त शिक्का नाही.” आपल्या शहरात हे वाक्य पटकन पटते. २००२ मध्ये आलेली स्कॉर्पिओ इथल्याच महिंद्राच्या कारखान्यातून बाहेर पडली, बोलेरो इथली, थार इथली. त्यांना माल पुरवणारे लघुउद्योग सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या एमआयडीसीत आहेत, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरातले कुणी ना कुणी त्यांत काम करते. पण शिक्क्याविना बाहेर आलेला भाग खरोखरच त्या कारखान्यातला असला, तरी तो तिथून का बाहेर पडला हा प्रश्न उरतो. तपासणीत नापास झालेला भाग डोळ्यांना चांगलाच दिसतो. भोकाचे माप थोडे चुकलेले असेल, हीट ट्रीटमेंट बिघडलेली असेल, रबर नळीला नीट चिकटले नसेल, तर ते काउंटरवर कळत नाही. असा आर्म घेऊ नका.

कुर्ल्यात किंवा इतरत्र मिळणारा भंगारातल्या गाडीचा वापरलेला आर्म हाही पर्याय म्हणून सांगितला जातो. जुन्या, बंद पडलेल्या मॉडेलला दुसरा आर्म मिळतच नसेल, तर तो सरळ आहे याची खात्री करून, नवे बुश आणि नवा जॉइंट घालून वापरता येईल. एरवी अपघातातली गाडी कुठे आदळली होती हे आपल्याला कोण सांगणार?

काउंटरवर उभे राहिल्यावर

दुकानात “स्विफ्टचा लोअर आर्म द्या” एवढेच म्हणू नका. आरसी बुकावर १७ अक्षर-अंकांचा चेसिस नंबर असतो, तो घेऊन जा. एकाच नावाच्या गाडीत पिढी बदलली की आर्म बदलतो. डिझेल इंजिन जड असल्याने पुष्कळदा पेट्रोल गाडीचे बुश त्याला चालत नाहीत, आणि फेसलिफ्टनंतर बॉल जॉइंटच्या स्टडची, म्हणजे दांड्याची, जाडीही बदललेली असू शकते. चेसिस नंबरवरून कंपनीचा पार्ट नंबर काढा आणि बाहेरच्या ब्रँडच्या कॅटलॉगमध्ये त्याच्यासमोर कोणता नंबर आहे ते दाखवायला सांगा. “चालतो, सगळे लावतात” या उत्तरावर पैसे देऊ नका. नाशिकमध्ये मिळाला नाही तर मुंबईच्या ऑपेरा हाउस परिसरातून किंवा पुण्याच्या नाना पेठेतून दुकानदार एक-दोन दिवसांत मागवून देतो. तेवढे थांबा.

पाकीट हातात घेऊन वाचा. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार त्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना व वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क असायला हवा. उत्पादनाची तारीख केवळ सोपस्कार नाही. गोदामात वर्षानुवर्षे पडलेले रबर आपोआप कडक होते, म्हणून फार जुना माल परत करा. नामांकित ब्रँडच्या पाकिटांचीही नक्कल होते. क्यूआर कोड किंवा होलोग्राम असेल तर तिथेच तपासा, आणि छपाईतल्या चुका, पुसट शिक्के, पाकिटावर एक नंबर व आर्मवर दुसरा असे काही दिसले तर घेऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, पूर्वी बहुतेकांवर २८ टक्के होता. जुन्या एमआरपीचे पाकीट असेल तर हिशेब विचारा आणि पक्के बिल घ्या. बिलावर ब्रँड आणि पार्ट नंबर लिहून घ्या. आर्म चार महिन्यांत गेला तर या कागदाशिवाय काही करता येत नाही. दुकानदाराने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

मग आर्म बाहेर काढा आणि निवांत बघा. बहुतेक छोट्या गाड्यांचे आर्म पत्रा दाबून, दोन भाग वेल्ड करून बनवलेले असतात. वेल्ड अखंड, एकसारखा हवा, मध्ये तुटलेला किंवा फुगे आलेला नको. काळा रंग कोपऱ्यांत आणि भोकांच्या आतही एकसारखा बसलेला असेल तर तो बुडवून दिलेला आहे. ब्रशने किंवा फवाऱ्याने वरवर मारलेला रंग आतून उघडा राहतो आणि पहिल्या दोन पावसाळ्यांतच गंज धरतो. जुना आर्म सोबत नेला असेल तर वजन हातात तोलून बघा. नवा बराच हलका लागला तर पत्रा पातळ आहे. मापे जुळवताना नवा आर्म जुन्यावर ठेवून बघतात, ते बरोबरच आहे. पण जुना वाकलेला असू शकतो, म्हणून नव्या डाव्या-उजव्या आर्मची एकमेकांशीही तुलना करा.

बुशच्या आतल्या आणि बाहेरच्या नळीपाशी रबर सगळीकडून चिकटलेले हवे, नख घुसेल अशी फट नको. आतली नळी तिरकी बसलेली नको. बॉल जॉइंटचा स्टड बोटांनी फिरवून बघा. तो घट्ट पण एकसारखा फिरायला हवा. लोंबकळत असेल किंवा मध्येच अडत असेल तर परत द्या. बूट जागेवर धरणारी रिंग दोन्ही टोकांना नीट बसलेली हवी. शेवटी, बनवणाऱ्याचे नाव, डावा-उजवा आणि बॅच यांची खूण धातूवर उमटवलेली आहे का ते पाहा. ज्याला आपल्या मालाची जबाबदारी घ्यायची असते, तो आपले नाव पाकिटापुरते ठेवत नाही.

पॉलियुरेथेन बुशांबद्दल तरुण मंडळी हटकून विचारतात. ते रबरापेक्षा बरेच कडक असतात, तेलाने खराब होत नाहीत आणि स्टिअरिंग धारदार करतात. पण रस्त्याचा प्रत्येक धक्का आत पोचवतात, आणि रबरासारखे पिळले न जाता घसरून फिरत असल्याने ग्रीस संपले की कुरकुर करतात. नाशिक-मुंबई रोजचा प्रवास करणाऱ्या कुटुंबाच्या गाडीला मी ते सुचवणार नाही. ट्रॅकवर किंवा मुद्दाम ऑफ-रोडसाठी गाडी तयार करणाऱ्याची गोष्ट निराळी.

थार आणि स्कॉर्पिओ उंच करणाऱ्यांसाठी नळीचे, ॲडजस्ट होणारे वरचे आर्म मिळतात. गाडी उंचावली की मूळ आर्मचा बॉल जॉइंट तिरका होतो आणि कास्टर बिघडतो, तो सावरण्यासाठी ते असतात. नुसता स्पेसर टाकून गाडी उंच करायची आणि मूळ आर्म तसेच ठेवायचे, हे धोक्याचे आहे. मात्र मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. अपघातानंतर विमा कंपनी हा मुद्दा काढू शकते. मूळ मापाचा आर्म, मग तो कुठल्याही चांगल्या बनावटीचा असो, ही नुसती दुरुस्ती आहे. त्याला हे लागू नाही.

सेकंड-हँड युरोपीय गाडीच्या मोहात पडणाऱ्यांना एकच सूचना. पहिल्या पिढीच्या स्कोडा सुपर्बला पुढे प्रत्येक बाजूला चार असे आठ ॲल्युमिनियमचे आर्म असतात. आठही आर्मचा संच अविश्वसनीय स्वस्तात मिळतो तेव्हा जॉइंट कसले असतील याचा अंदाज करा. सगळे एकदम घ्यायला पैसे नसतील तर तपासणीत गेलेले दोन-तीनच, पण लेमफर्डर किंवा मायलेसारखे घ्या.

बसवताना जवळ उभे राहा

चांगला आर्मही चुकीच्या हाताने बसवला तर वर्षभर टिकत नाही, आणि याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. रबरी बुशची आतली नळी बोल्टने जखडली जाते आणि आर्म झुलताना मधले रबर पिळले जाते. गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असतानाच बोल्ट पूर्ण आवळले, तर गाडी खाली उतरताच रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते, जणू ओला टॉवेल पिळून तसाच कायम धरून ठेवला आहे. मग काही महिन्यांत ते फाटते आणि दोष मालाला दिला जातो. म्हणून वर असताना बुशचे बोल्ट हलकेच लावायचे, गाडीचे वजन चाकांवर आल्यावर पिटमध्ये किंवा रॅम्पवर, टॉर्क रेंचने, कंपनीने दिलेल्या आकड्याला आवळायचे. पिट नसेल तर आर्मखाली जॅक लावून सस्पेन्शन नेहमीच्या उंचीला आणावे. मेकॅनिकला हे काम सुरू होण्याआधीच सांगा, नंतर सांगून उपयोग नाही.

बाकी गोष्टी थोडक्यात. सेल्फ-लॉकिंग नट एकदाच वापरायचे, नवे घ्या. स्प्लिट पिन असलेल्या नटाचे भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवायचा, मागे सैल करून नाही. बॉल जॉइंटच्या निमुळत्या स्टडला ग्रीस लावायचे नाही, तो आणि नकलचे भोक कोरडे व स्वच्छ हवे. बऱ्याच छोट्या गाड्यांत स्टडच्या खाचेतून आडवा बोल्ट जातो, तिथे स्टड पूर्ण आत गेल्याशिवाय बोल्ट घालू नये. चाक बाजूला घेताना ड्राइव्ह शाफ्ट ओढला जाणार नाही आणि एबीएस सेन्सरची वायर ताणली जाणार नाही, हे पाहावे. जॉइंट काढायला पुलर वापरावा, नवा बूट हातोडीखाली येऊ देऊ नये.

त्याच दिवशी व्हील अलाइनमेंट करून घ्या आणि आधीचा व नंतरचा असे दोन्ही प्रिंट मागा. टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर रोख, सगळ्याच गाड्यांत जुळवता येतो, कॅम्बर आणि कास्टर अनेक छोट्या गाड्यांत जुळवता येत नाहीत. तरीही ते मोजलेले असावेत. नवे आर्म घालूनही एका बाजूचा कॅम्बर मर्यादेबाहेर असेल तर दोष सबफ्रेमचा, नकलचा किंवा स्ट्रटचा आहे, आणि तो शोधल्याशिवाय नव्या टायरवर पैसे घालू नका. पाचशे-एक किलोमीटर चालल्यावर बोल्ट पुन्हा एकदा तपासून घ्या.

आणि जुने आर्म गॅरेजमध्ये सोडू नका, परत मागा. बॉल जॉइंट झिजलेला असेल तर त्याचा स्टड ग्राइंडरने कापून टाका, मगच भंगारात द्या, म्हणजे रंग मारून, नवा बूट चढवून तोच आर्म दुसऱ्या कुणाच्या गाडीखाली जायचा नाही.